हिरव्या वायरचं टोक

माझी आई साकीनाक्याला एका गाळ्यात पोळ्या लाटते. पोळीभाजी केंद्र म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कुणाच्या तरी ओट्यावर चाललेला घरगुती उद्योग येतो. तसं काही नाही. औद्योगिक वसाहतीतला तळमजला, शेजारी प्लॅस्टिकची बटणं पाडणारं युनिट, पलीकडे दोन गाळे सोडून विजेच्या मोटारींचं वाइंडिंग करणारं दुकान, आणि मधे हे स्वयंपाकघर. चौदा बायका सकाळी सातला येतात आणि साडेअकराच्या आत अंधेरीतल्या ऑफिसांच्या कँटीनना डबे रवाना करतात. दारावरच्या पाटीवर लिहिलंय, 'घरची चव'. पाटीभोवती रंग बदलणारे दिवे पळत असतात, भर दिवसासुद्धा.

आत कणीक मळायचं मशीन होतं आणि ते चावायचं.

बायका असंच म्हणायच्या. शॉक बसतो, करंट मारतो असं नाही. चावतं. नाहूरला घरी आल्यावर आई पाय चोळत सांगायची, "आज फार चावत होतं गं." जसं काही गल्लीतलं कुत्रं. मी मोबाइलमध्ये डोकं घालून "हो ना" म्हणायचे. हे मी लपवणार नाही, कारण पुढे मी इतरांना बरंच बोलणार आहे.

मी एका संघटनेत काम करते. लहान युनिटांतल्या कामगारांची संघटना. तिथं मला पहिल्याच वर्षी पत्रक लिहायला शिकवलं. मागण्या तीनच. एक मागणी एका ओळीत. ओळ अशी हवी की फाटकातून आत शिरता शिरता माणसाने वाचावी आणि आत पोचेपर्यंत त्याच्या डोक्यात वाजत राहावी. मला हे जमलं. इतकं जमलं की मी जगाकडेच तीन मागण्यांच्या हिशेबाने बघायला लागले. बटणांच्या युनिटमधल्या धुरावर मी पत्रक काढलं, समोरच्या गाळ्यातल्या बायकांना संडासाची चावी मागावी लागते त्यावर काढलं. स्वतःच्या आईच्या गाळ्यात मात्र मी कधी पाऊल टाकलं नव्हतं.

एकदा आईचा चष्मा घरी राहिला म्हणून सकाळीच तो द्यायला गेले. दारात चपलांचा ढीग. भिंतीवर लॅमिनेट केलेला कागद: 'चपला बाहेर काढाव्यात. इथे अन्नपूर्णा नांदते.' बायकांना त्या कागदाची गरज नव्हती. अन्न रांधायच्या जागी चपला घालून कुणी शिरत नाही, आमच्या घरीही नाही. मीही काढल्या, आत पाय ठेवला आणि तळवा ओला झाला. भाज्या तिथेच धुणार, भांडी तिथेच घासणार. फरशी वाळणार कधी? आणि त्या ओल्या फरशीवर, मळायच्या मशीनसमोर, एक लाकडी पाट. जेवायला बसायचा असतो तसाच. त्यावर एक म्हातारी बाई उभी राहून मशीनमधून कणकेचा गोळा ओढत होती.

ही मावशी. मालवणकडची, साठीला टेकलेली, आईच्या शेजारच्या पोळपाटावर लाटते. सगळा गाळा तिला मावशीच म्हणतो.

"मावशी, पाटावर का उभ्या?"

"पाटार उभा रवला तर कमी चावता गो," ती म्हणाली. "हात लावून बघ. पण आधी पाटार चढ हां, नायतर तुझी आवस माका खायत."

बाकीच्या हसल्या. आई पण हसली. मला हसू आलं नाही. मी भिंतीकडे बघत होते. सॉकेट दोन भोकांचे होते, म्हणून मशीनच्या प्लगची तिसरी, जाडी पिन कुणी तरी करवतीने कापून टाकली होती. मिक्सरला तर प्लगच नव्हता; दोन उघड्या वायरी भोकांत खुपसून काडेपेटीच्या काड्यांनी घट्ट बसवलेल्या. त्या काड्यांची गुलं तशीच होती. गॅसपासून दोन हातांवर.

तेवढ्यात मालक आले. त्यांना सगळ्या 'साहेब' म्हणतात. आपलेच, मराठी. पांढरा शर्ट, बोलणं इतकं मऊ की ऐकताना तूप अंगावर सांडल्यासारखं वाटतं. लॅमिनेट केलेल्या कागदाखालून ते सरळ आत आले. पायात जाड रबरी तळाचे बूट. अन्नपूर्णेला त्यांच्या बुटांचं काही वाटत नसावं.

"काय ताई, आईला भेटायला?" ते म्हणाले. "या सगळ्या मला घरच्यासारख्या हं. परक्या नाहीत."

"घरी पण बायकोला पाटावर उभं करता?" मी विचारलं.

"काय गं बोलतेस!" आईने डोळे वटारले.

साहेब हसले. "थोडं टिकटिक होतं हो, ओलाव्याने. अर्थिंग करायचं म्हणजे सोपं असतं का? अख्खा खड्डा खणावा लागतो, तांब्याची प्लेट पुरावी लागते. वसाहतीची कमिटी फरसबंदी फोडू देईल? आणि खर्च! लाखाच्या घरात जातं. मग पोळीचा भाव वाढवू? ऑर्डर गेली तर घरी कोण बसणार? याच ना?"

मला तेव्हा अर्थिंगमधलं ओ की ठो कळत नव्हतं. लाखाचा आकडा ऐकून मी गप्प बसले, आणि तसंच होणार हे त्यांना माहीत होतं. पण पाटाचा फोटो मी काढला. बाईच्या भेगा पडलेल्या टाचा, ओली फरशी, पाट. फोटो झकास आला होता. असं वाटल्याची आता मला शिसारी येते.

चार दिवसांत पत्रक निघालं. तीन मागण्या. एक: काड्यांनी वायरी खुपसणे बंद करा. दोन: सर्व सॉकेट तीन पिनांचे करा. तीन: शॉक बसलेल्या कामगाराला पगारी रजा द्या. वर फोटो. वसाहतीच्या फाटकाशी मी स्वतः वाटलं. दुसरी ओळ तर लोकांच्या तोंडी बसली. चहावालाही म्हणायचा, "काय ताई, तीन पिना आल्या का?"

आल्या. मला वाटलं होतं दोन महिने भांडावं लागेल, साहेबांनी तीन आठवड्यांतच लावून टाकल्या. पांढरेशुभ्र सॉकेट, प्रत्येकाला तीन भोकं, मशीनला नवा प्लग, मिक्सरला नवा प्लग, फ्रिजला, पोळ्या फुगवायच्या इलेक्ट्रिक तव्याला, सगळ्यांना. भिंतीवरच्या वायरींच्या पट्टीचं झाकण उघडून वायरमनने मला हिरवी वायरसुद्धा दाखवली. "ही अर्थची. सगळीकडे फिरवली आहे," तो म्हणाला. मी मान डोलावली. हिरवी म्हणजे अर्थ, एवढं मला तोवर कळलं होतं.

साहेबांनी पेढे आणले. मी दुसरा फोटो काढायचं ठरवलं: आधी आणि नंतर, असा जोडफोटो. त्यात एकच अडचण होती. पाट.

"पाट काढा ना आता," मी म्हणाले.

"राहू दे गं," आई म्हणाली. "काय खातोय तो पाट?"

"आई, आपण जिंकलोय. पाटावर उभ्या दिसलात तर जिंकल्यासारखं वाटेल का?"

"मला कुठे फोटोत दिसायचंय? मला सवय आहे त्याची."

"ही सवयच मोडायची आहे."

हे मी बोलले. माझ्या तोंडचं, शब्द न् शब्द. सगळ्या बायकांसमोर आईला बोलले, आणि आई गप्प बसली, कारण मुलगी शिकलेली. गाळ्यात असे चार पाट होते, ओल्यात उभं राहायला; एक फ्रिजपुढेही. चारही उचलून पिठाच्या पोत्यांखाली सारले, पोत्यांना ओल लागू नये म्हणून. बायका अनवाणी, ओल्या फरशीवर, नव्या सॉकेटसमोर ओळीने उभ्या राहिल्या आणि मी फोटो काढला.

नवव्या दिवशी सकाळी आईचा फोन आला. आवाज एकदम सपाट. "मावशीला दवाखान्यात आणलंय. तू ये."

झालं होतं ते असं. मावशी मिरच्या काढायला फ्रिजकडे गेली. हात ओला. मूठ हँडलवर मिटली आणि उघडेचना. ओरडताही येत नव्हतं तिला. आईने आधी पाहिलं तेव्हा तिला वाटलं मावशी थट्टा करतेय. मग तिने तोंड पाहिलं. हातातलं लाटणं तिने मावशीच्या मनगटावर हाणलं, दोनदा. मूठ सुटली, मावशी मागे कोसळली आणि तिचा हात कोपरापासून खाली तापलेल्या तव्यावर पडला.

दवाखान्यात मावशी बाकावर बसली होती, हाताला पांढरं बँडेज, मनगटावर लाटण्याचा निळा वळ. मला बघून म्हणाली, "तुझ्या आवशीन माका लाटण्यान मारल्यान गो. घाल आता पत्रकात."

मी हसायला गेले आणि रडू फुटलं. आई रडली नाही. ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, "पाट असता तर एवढं झालं असतं का?"

मी डोळे पुसले.

"उद्या मला त्याच फ्रिजमधून मिरच्या काढायच्या आहेत," ती म्हणाली. "म्हणून विचारते."

साहेब दवाखान्यात आले, बिल भरलं, मावशीच्या डोक्यावरून हात फिरवला. मी बाहेर त्यांना गाठलं. ते जराही चिडले नाहीत. खिशातून घडी केलेलं एक पत्रक काढलं. माझं पत्रक. "ताई, हे बघा, तुमची दुसरी मागणी. सर्व सॉकेट तीन पिनांचे करा. केले. फोटो तुम्हीच काढलात ना? आणि एक सांगतो, या फ्रिजला आजवर कधी करंट नव्हता. मळायच्या मशीनला होता. फ्रिजला कधीच नव्हता. विचारा आईला."

आईला विचारलं. खरं होतं. आधी एकच मशीन चावायचं. आता फ्रिज चावला. मिक्सरही नवे सॉकेट लागल्यापासून झिणझिणत होता, बायकांनी सांगितलं नाही इतकंच. आपण जिंकलोय ना, मग तक्रार कशी करायची?

मरोळच्या गावठाणात एक अंकल राहतात. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचेच जुने ख्रिस्ती; दाराशी क्रूस, अंगणात कोंबड्या, तोंडात शिवी. एका मोठ्या कारखान्यात वायरिंगची देखभाल करून रिटायर झालेले. आमच्या संघटनेचे जुने मित्र, म्हणजे दर वर्षी आम्हाला वर्गणी देतात आणि दर वर्षी आमची अक्कल काढतात. मी त्यांना दुपारी डबे गेल्यावर गाळ्यात घेऊन गेले. साहेब नव्हते. अंकलनी एक पिशवी आणली होती. तिच्यातून निघाला एक बल्ब, होल्डरला लावलेला, होल्डरमधून दोन लांब वायरी. एवढंच.

"मीटर-बीटर नाही?" मी विचारलं.

"मीटर आहे. पण तो आकडा दाखवतो पोरी, तुला काय कळणार? दिवा तुझ्या आईला पण कळेल."

त्यांनी फ्रिजच्या शेजारचा सॉकेट धरला. एक वायर न्यूट्रलच्या भोकात घातली, एक वरच्या जाड्या भोकात, अर्थच्या. "या दोन्हींत काही नसायला पाहिजे," ते आईला म्हणाले. "दिवा मेलेला राहिला पाहिजे."

दिव्यातली तार लाल झाली. मिणमिणती, पण स्पष्ट. आई एक पाऊल मागे सरली.

"आता ते मळायचं मशीन काढ," अंकल म्हणाले. मी समोरच्या भिंतीवरचा प्लग ओढला. दिवा विझला. "लाव." लावला. दिवा पेटला. तीनदा केलं. मशीन एका भिंतीला, दिवा दुसऱ्या भिंतीला, आणि मी प्लग घातला की इकडे तार लाल.

मग त्यांनी मुख्य बोर्डाचं झाकण खोललं. सगळ्या सॉकेटच्या हिरव्या वायरी तिथं एका पितळी पट्टीला स्क्रूने आवळल्या होत्या. पट्टीतून एक जाड हिरवी वायर निघून बोर्डाच्या मागे गेली होती. अंकलनी ती बोटाने ओढली. ती आली. वीतभर लांब. टोकाला काळी टेप गुंडाळलेली, तीन-चार वेढे, नीट, दाबून.

"ही कुठे जाते?" आईने विचारलं.

"कुठेच जात नाही," अंकल म्हणाले.

ते सांगत गेले आणि मला एकेक गोष्ट कळत गेली. ही वायर असते कशासाठी, तर मशीनच्या आत काही गळलं, तर तो करंट लोखंडी सांगाड्यावर येतो आणि या वायरीने जमिनीत निघून जातो. माणसाच्या अंगातून जाण्याआधी. इथं तिसऱ्या पिना सगळ्या एकमेकींना जोडल्या होत्या, जमिनीला मात्र जोडलंच नव्हतं. मळायच्या मशीनमधला गळका करंट हिरव्या वायरीवर चढायचा आणि प्रत्येक सॉकेटच्या तिसऱ्या पिनेतून फ्रिजला, मिक्सरला, तव्याला जाऊन बसायचा. ओल्या फरशीवर अनवाणी कुणी हात लावायची वाट बघत. आधी एक मशीन चावायचं, ते कुठलं ते बायकांना माहीत होतं आणि त्यापुढे त्यांनी पाट ठेवला होता. मी मागणी करून सगळी मशीनं चावती केली, आणि मग पाट काढून घेतले.

"आणि ही टेप?" मी विचारलं.

अंकलनी तेव्हा शिवी घातली, ती मी लिहीत नाही. "वायरमन विसरला असता ना, तर टोक उघडं राहिलं असतं. टेप लावली म्हणजे त्याला ठाऊक होतं. बोर्ड उघडला तर आपल्या हाताला लागू नये म्हणून लावली."

मी वायरमनला तिथूनच फोन लावला. तो साधेपणाने म्हणाला, "मॅडम, साहेबांनी कोटेशनमधली ती लाइन कापली. सॉकेट लावायचे सांगितले, लावले. टोक उघडं सोडलं असतं तर तुम्हीच बोलला असता." कुणालाच कसलीच लाज नव्हती. एकाने कागदावरची ओळ कापली, दुसऱ्याने वायर कापून टेप लावली, तिसरीने फोटो काढला. तिघांपैकी कुणालाच त्या फ्रिजमधून मिरच्या काढायच्या नव्हत्या.

अंकल पिठाच्या पोत्यावर बसले आणि माझ्या वहीत लिहायला लागले. लाखाच्या घरातलं ते भूत त्यांनी पाच मिनिटांत उतरवलं. नवा खड्डा खणून तांब्याची प्लेट पुरणे, भोवती कोळसा आणि मीठ यांचे थर, वर पाणी ओतायला नळी: ही सगळ्यात महाग पद्धत, आणि तरीही लाखाच्या कुठल्या कुठे खाली. तयार मिळणारी नळी पुरून भोवती मिश्रण भरणे: त्याच्या निम्म्याच्या आसपास. "पण तुला यातलं काहीच नको," ते म्हणाले. "चल."

मीटर रूम आवाराच्या त्या टोकाला होती. आत भिंतीवर एक जाड लोखंडी पट्टी, जस्ताचा मुलामा दिलेली, जमिनीत गेलेली. अख्ख्या इमारतीची अर्थ. पहिल्यापासून तिथंच. बटणवाल्याची हिरवी वायर तिला जोडलेली होती, वाइंडिंगवाल्याचीही होती. अंकलनी बाहेरच्या खड्ड्याचं झाकण शोधलं, त्यावर कुणी तरी सिमेंटच्या कुंड्या ठेवल्या होत्या. कुंड्या हलवल्या, दोन बादल्या पाणी ओतलं, पिशवीतला मीटर काढून मोजलं. "जिवंत आहे. इथून तुमच्या बोर्डापर्यंत एक वायर, पाइपातून. आणि बोर्डात गळती झाली की लाइन पाडणारा स्विच. बस."

कितीला, ते मला दुसऱ्या दिवशी साहेबांच्याच फाइलमध्ये दिसलं. वायरमनच्या कोटेशनवर शेवटची ओळ होती: 'मीटर रूम ते बोर्ड मेन अर्थ, पाइप व गळती स्विचसह.' त्यावर निळ्या पेनाने आडवी रेघ. ओळीपुढचा आकडा दारावरच्या पाटीभोवती पळणाऱ्या दिव्यांच्या निम्म्यानेही नव्हता. पाटीचं बिल त्याच फाइलमध्ये होतं, पुढच्याच पानावर. अशा वेळी राग येत नाही. तोंडात घाण आल्यासारखं होतं, थुंकायला जागा सापडत नाही.

फाइल दिसली ती अशी. त्या दिवशी सकाळी सातला तेरा बायका आल्या, आत गेल्या आणि कुणी कशाला हात लावला नाही. हे मी ठरवलेलं नव्हतं. मी रात्री पत्रकाचा मसुदा करत बसले होते, आणि आईने तेवढ्यात बारा फोन केले होते. साडेसातला साहेब धावत आले. कणीक मळलेली नाही, तवा थंड.

"अहो काय हे? डबे जायचेत!"

"अर्थिंगची वायर जोडलेली नाही साहेब," मी म्हणाले.

"कोण म्हणतं? हे बघा ना, सगळं कागदोपत्री आहे," म्हणत त्यांनी फाइल उघडली, आणि ती रेघ आम्ही दोघांनी एकदमच पाहिली. त्यांनी पान पालटलं. पाटीचं बिल आलं. त्यांनी फाइल मिटली. "हे बघा, जे काही थोडंफार आहे ते टिकटिक आहे. माणूस मरत नाही त्याने. मावशींच्या हातून जरा... वयही झालंय त्यांचं."

मी तोंड उघडलं. माझ्याकडे तीन मागण्या तयार होत्या. आईने मला हाताने मागे सारलं.

"साहेब," ती म्हणाली, "बूट काढा."

"काय?"

"बूट काढा, मोजे काढा, आणि इथं उभे राहा. ही जागा ओली आहे. मावशी इथंच होती." तिने भिंतीपाशी जाऊन मळायच्या मशीनचं बटण दाबलं. मशीन घरघरायला लागलं. "आता फ्रिज उघडा. मिरच्या काढून द्या मला. मी लगेच पोळ्यांना बसते."

कुणी हसलं नाही. साहेबांनी फ्रिजकडे पाहिलं. मग आपल्या बुटांकडे पाहिलं. माणूस खरंच विचार करत होता. ते मी जवळून बघितलं. मऊ आवाजाचा, सगळ्यांना घरच्यासारखं समजणारा माणूस ओल्या फरशीकडे बघून हिशेब करत होता, की मरतो का नाही.

"भिंतीवर लिहिलंय पण तसं," मागून एक जण म्हणाली. "चपला बाहेर काढाव्यात."

साहेबांनी बूट काढले नाहीत. खिशातून फोन काढला. "वायरमनला बोलावतो," म्हणाले.

"तो नको," आई म्हणाली. "अंकल आणतील तो. परवानावाला."

त्या दिवशी ऑफिसांना डबे दुसरीकडून गेले. अंकलच्या देखरेखीखाली मीटर रूमपासून पाइप आला, वायर आली. अंकलनी ते टेपवालं टोक कापून माझ्या हातात दिलं. "ठेव. कामाला येईल." मग बल्ब काढला. या वेळी एक वायर फेजमध्ये, म्हणजे करंटच्या भोकात, आणि एक अर्थमध्ये. दिवा लख्ख पेटला, म्हणजे अर्थ खरंच जमिनीत पोचली होती. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग न्यूट्रल आणि अर्थ. दिवा मेलेला. मळायचं मशीन चालू केलं, तरी मेलेलाच.

शेवटी गळतीचा स्विच बसवला. मशीनचा प्लग घातला, बटण दाबलं, आणि खट्. अख्खा गाळा बंद. पुन्हा चालू केलं, पुन्हा खट्.

साहेब दारातून ओरडले, "बघा! अर्थिंग करून मशीनची वाट लावली! आधी चालत होतं ना?"

"आधी या बायांच्या अंगातून चालत होतं," अंकल म्हणाले. "जा, वाइंडिंगवाला दोन गाळे सोडून बसतो. मोटार दे त्याला."

दोन गाळे सोडून. एवढी वर्षं मोटारी दुरुस्त करणारं दुकान दोन गाळे सोडून होतं, आणि त्या मोटारीपुढे एक म्हातारी पाटावर उभी होती.

मावशी महिन्याने परतली. हातावर तांबूस, चकचकीत डाग आहे, फुलपात्राएवढा. रजेचा पगार मिळाला. माझी तिसरी मागणी तेवढी खरी ठरली. आल्या आल्या तिने फ्रिजला हात लावला, पण उलटा, बोटांच्या मागच्या बाजूने. अंकलनी सगळ्यांना तसं शिकवलंय. उलट्या हाताची मूठ मिटली तरी हँडल पकडत नाही. मग तिने पोत्यांखालचा एक पाट ओढून काढला, झटकला आणि मशीनपुढे ठेवला. मी बघत होते.

आता साकीनाक्याच्या इतर गाळ्यांसाठी नवं पत्रक काढायचं आहे. मसुदा मी रविवारी घरी आईला वाचून दाखवला. पहिली ओळ होती: 'सुरक्षित विद्युत जोडणी हा प्रत्येक कामगाराचा हक्क आहे.' आई मेथी निवडत होती.

"हे वाचून मावशी काय करणार?"

"म्हणजे?"

"हातात कागद आला, वाचला. पुढे काय करायचं तिने?"

आईने देठ बाजूला टाकला. "लिही. अर्थची वायर मीटर रूमपर्यंत जाते का, ते चालत जाऊन डोळ्यांनी बघा. लिहिलंस? दुसरं. दिवा लावून दाखवा म्हणा. आणि सगळ्यात वर लिही, मोठ्या अक्षरात: तोवर पाट काढू नका."

"आई, हे मागणीसारखं वाटत नाही."

"नको वाटू दे," ती म्हणाली. "आणि आमचा कुणाचा फोटो घालू नकोस. त्या टेपच्या टोकाचा घाल."